सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी आईचे ढेकर थांबत नाहीत: ही हवा येते कुठून?

प्रश्न एका मुलीनं विचारला आहे, तो थोडक्यात असा. आई ५४ वर्षांच्या, साताऱ्याजवळच्या गावी राहतात. वडील गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी ढेकर सुरू झाले, त्याला आता सात महिने होत आले. एकदा सुरू झाले की ओळीनं पंधरा-वीस, तेही मोठ्यानं. पाठ चोळली की आणखी येतात, म्हणून ‘गॅस निघतोय, निघू दे’ म्हणत घरातलं कुणी ना कुणी पाठ चोळत बसतं. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, सगळं नॉर्मल. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी चार महिने चालू आहे, उपयोग शून्य. आता नातेवाईक बोलायला लागलेत की ‘लक्ष वेधून घ्यायला मुद्दाम करते.’ मुलगी विचारते, एवढा गॅस तयार कुठं होतो, आणि आई खरंच नाटक करतेय का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरात तेच जास्त टोचत असणार. नाही, त्या नाटक करत नाहीत. पोटाचे पेशंट बघायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. असे ढेकर घेऊन आलेली माणसं ढेकरांनी हैराण असतात, लाजलेली असतात, लग्नकार्याला जाणं सोडून दिलेलं असतं. बसमध्ये शेजारचा माणूस उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसतो, ते त्यांना दिसतं. हौसेनं कुणी हे करत नाही.

आता हवेचं बघू. आपण जेवताना, पाणी पिताना, नुसती थुंकी गिळतानाही थोडी हवा गिळतो. ती जठराच्या वरच्या भागात साठते. तिथं ताण पुरेसा वाढला की अन्ननलिकेच्या तळाची झडप काही सेकंद आपोआप सैल पडते, हवा वर येते, घशातली झडप उघडते आणि ढेकर येतो. हे सगळं शरीर आपलं आपण करतं. असे पंचवीस-तीस ढेकर दिवसभरात कुणालाही येऊ शकतात, निम्मे तर आपल्या लक्षातही येत नाहीत. हा जठराचा ढेकर. तो पोट हलकं करतो आणि थांबतो.

आईंचा ढेकर बहुतेक या जातीचा नाही.

दुसऱ्या जातीत हवा जठरापर्यंत पोचतच नाही. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा, झटक्यानं खाली जातो. त्यामुळे अन्ननलिकेत ओढ तयार होते, घशातली झडप उघडते, हवा आत शिरते आणि जठराच्या दारापर्यंत जायच्या आतच पोटाच्या स्नायूंच्या दाबानं बाहेर फेकली जाते. काही जण घशाच्या स्नायूंनी हवा खाली ढकलतात, पण पुढचं सगळं तसंच. ही आत-बाहेर एका सेकंदाच्या आसपास पूर्ण होते. म्हणून तर मिनिटाला वीस-वीस ढेकर येऊ शकतात. एवढा गॅस कुठल्याच पोटात नसतो. खोलीतलीच हवा आत जाते आणि तीच बाहेर येते.

पूर्वी आम्हीही अशा माणसाला ‘तुम्ही हवा फार गिळता’ असंच सांगायचो. २००४ साली नेदरलँड्समधल्या पोटविकारतज्ज्ञांनी नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी सोडून, हवा नेमकी कुठल्या दिशेला जाते ते मोजलं. हवा वीज अडवते आणि द्रव वीज वाहू देतो, एवढ्या साध्या फरकावर ती तपासणी उभी आहे. त्यांना दिसलं की सतत ढेकर देणारी माणसं इतरांपेक्षा जास्त हवा जठरात गिळत नव्हती, त्यांचे जठराचे ढेकरही इतरांइतकेच होते. जास्तीचे सगळे ढेकर अन्ननलिकेतल्या अन्ननलिकेत होत होते. माझ्या दृष्टीनं या विषयातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच, कारण इथं जठराचं औषध का लागू पडत नाही ते लगेच कळतं.

घरच्या घरी ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी विचारतो. झोपेत येतात का? बोलण्यात रंगल्यावर येतात का? आणि यायच्या आधी काय वाटतं? या जातीचे ढेकर झोपेत येत नाहीत. बोलतानाही सहसा येत नाहीत, कारण बोलताना श्वास बाहेर चाललेला असतो, त्याच वेळी हवा आत ओढता येत नाही. मागं एक बाई आल्या होत्या, दर चार-पाच सेकंदांनी ढेकर. वाक्यच पूर्ण होईना. मी त्यांना कुरडयांचा चीक कसा शिजवतात ते विचारलं. गहू तीन दिवस भिजवण्यापासून सुरुवात झाली, रोज पाणी बदलायचं, वाटायचं, गाळायचं, चीक खाली बसला की वरची निवळी काढायची, हाटताना गुठळी होऊ द्यायची नाही. सात मिनिटं बोलल्या. एकही ढेकर नाही. मग मी म्हटलं, ‘आता पोटाचं सांगा’, आणि माळ पुन्हा सुरू. त्यांचा नवरा म्हणाला, ‘बघा डॉक्टर, म्हणजे मुद्दामच करते.’ त्याला मी जवळ बोलावून त्यांच्या गळ्याकडे बघायला लावलं. ढेकराच्या आधी हनुवटी किंचित आत जायची, खांदे तसूभर वर उचलले जायचे, बेंबीच्या वरचा भाग आवळायचा आणि मग आवाज. बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ दाखवला तेव्हा त्या स्वतःच चकित झाल्या. नखं कुरतडणाऱ्या माणसाला बोट तोंडात कधी गेलं ते कळत नाही ना, तसंच हे. स्नायू आपल्या ताब्यातले, पण सवय आपल्या नकळत लागलेली.

पाठ चोळल्यावर, गुडघा दाबल्यावर, दंड दाबल्यावर ढेकर येतो हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. ‘गॅस पाठीत अडकलाय’, ‘गॅस मांडीत उतरलाय’ असं लोक मनापासून मानतात. पाठीतून किंवा मांडीतून अन्ननलिकेत जाणारी वाट शरीरात नाही. दाबलं की ढेकर, दाबलं की ढेकर, असं शंभरदा झालं की शरीर ती खूण लक्षात ठेवतं. दुखणं खरं असतं, कधी पाठीचा स्नायू खरंच आखडलेला असतो, पण त्यात हवा नसते.

मग हे सुरू कशानं झालं? तुम्हीच लिहिलंय, वडील गेले. आवंढा गिळणं हा आपल्याकडे नुसता वाक्प्रचार नाही. दुःखात, काळजीत माणूस खरोखर पुन्हा पुन्हा कोरडं गिळतो, मोठे उसासे टाकतो, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. छाती भरून येते. अशा वेळी एखादा ढेकर आला आणि क्षणभर बरं वाटलं की शरीराला वाटतं, हाच उपाय. पुन्हा भरून आलं की पुन्हा तेच. मनाच्या ताणाशिवायही ही सवय लागते हे मुद्दाम सांगतो. पुष्कळांची सुरुवात साध्या ॲसिडिटीपासून होते: जळजळ, मग ती घालवायला ओढून आणलेला ढेकर, त्या ढेकराच्या दाबानं आणखी आंबट पाणी वर, मग आणखी ढेकर. आईंना छातीत जळजळ, आंबट पाणी नसेल तर गोळी चार महिने चालू ठेवण्यात अर्थ नाही. ती कशी थांबवायची ते ज्यांनी दिली त्यांना विचारा. काहींना ती थांबवल्यावर पंधरा दिवस उलट जळजळ होते, त्याला घाबरून पुन्हा सुरू करू नका.

आपल्या घरांतल्या दोन गोष्टींबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

पहिली सोड्याची. ढेकर येत नाही म्हणून अस्वस्थ वाटलं की लिंबू-सोडा किंवा फसफसणारी पावडर घेतात, खणखणीत ढेकर येतो आणि ‘गॅस निघाला’ असं समाधान होतं. एक ग्रॅम खाण्याचा सोडा आम्लात पूर्ण मिसळला तर पाव लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे बाहेर आला तो आपणच आत्ता भरलेला वायू. शिवाय त्यातलं सोडियम ब्लडप्रेशरच्या आणि किडनीच्या पेशंटला त्रासाचं. कधीमधी घ्यायला हरकत नाही, रोज घ्यायची ही गोष्ट नव्हे.

दुसरी डाळींची. ढेकर येतात म्हणून हरभऱ्याची डाळ, वाटाणा, कोबी, वांगं, रात्रीचा भात, सगळं बंद केलेली माणसं माझ्याकडे येतात, चार-पाच किलो वजन उतरलेली. कडधान्यांचा वायू मोठ्या आतड्यात जंतू तयार करतात आणि तो खालून जातो. ढेकरातली हवा बहुतांशी बाहेरची असते. पोट फुगत असेल तर कडधान्यं कमी करून बघा, पण नुसत्या ढेकरांसाठी आईंच्या ताटातली आमटी काढू नका. या वयात त्यांना प्रथिनं हवीत.

आता हृदयाबद्दल. हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शेतकरी स्वतः चालत दवाखान्यात आले. पहाटेपासून ढेकर, छातीच्या खाली जड, घाम. घरी ओवा चावून झाला होता, सोडा झाला होता, पोटाला हिंग लावून झाला होता. म्हणत होते, ‘गॅस धरलाय, एक इंजेक्शन द्या, मळणी चाललीय, जायचंय.’ ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसला. हृदयाचा हा भाग श्वासपटलाला टेकलेला असतो, त्याच्या वेदना पोटात जाणवतात, मळमळ आणि ढेकर येतात. ते वाचले, पण पाच तास गॅसच्या नावाखाली गेले होते. आईंचा ईसीजी नॉर्मल आहे आणि ढेकर सात महिन्यांचे आहेत, तेव्हा आज ती शंका नाही. पण उद्या जर नव्यानंच छातीत दडपण आलं, चढण चढताना किंवा भरभर चालताना जड वाटून थांबल्यावर कमी झालं, घाम फुटला, जबडा किंवा हात दुखला, दम लागला, तर ‘तिचं नेहमीचंच आहे’ म्हणू नका. त्याच तासात ईसीजी. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांमध्ये झटका असा आडवळणानं येतो हे लक्षात ठेवा.

बाकी कधी पुन्हा तपासायचं ते पटकन सांगतो. वजन आपोआप उतरतंय, घास अडकतोय, काळी शौच, वारंवार उलटी, हिमोग्लोबिन कमी, किंवा सकाळचं जेवण संध्याकाळी उलटून पडतंय, तर थांबू नका. ढेकराला सडक्या अंड्याचा वास आणि सोबत पातळ शौच असेल तर पाण्यातून येणाऱ्या जिआर्डिया या परजीवी जंतूसाठी शौचाची तपासणी करून घ्या. वजन आणि साखर उतरवायची आठवड्याला एक घ्यायची नवी इंजेक्शनं कुणी घेत असेल, तर तीही जठर मंद करतात आणि तसेच वासाचे ढेकर आणतात. जुन्या मधुमेहातही जठर मंद होतं, दोन घासांत पोट भरतं. आईंच्या बाबतीत तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही.

उपाय श्वासाचा आहे. ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून लोक दोन दिवस करून सोडतात. नीट केला तर गोळीपेक्षा जास्त चालतो हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आईंना सतरंजीवर उताणं झोपवा, गुडघे दुमडलेले. एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या वर. तोंड किंचित उघडं, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे हिरडीला टेकवलेलं. मनात चार आकडे मोजत नाकानं श्वास आत, असा की पोटावरचा हात वर जाईल आणि छातीवरचा जवळजवळ हलणार नाही. मग सहा आकडे मोजत बाहेर. घाई नाही, जोर नाही. दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, त्यातली एक वेळ ढेकर जास्त येतात त्याच्या जरा आधीची. पहिल्या आठवड्यात बहुतेकांची छातीच हलते. पोटावर तांदळाची किलोभराची पिशवी ठेवली की काय हलायला हवं ते कळतं. आठवडाभरानं तेच खुर्चीत बसून, मग ओट्याशी उभं राहून.

हे का चालतं, तर श्वासपटल सावकाश वर-खाली करण्यात गुंतलेलं असलं की त्याला तो झटका मारता येत नाही. आणि तोंड उघडं, जीभ वर असली की हवा गिळता किंवा ओढता येणं अवघड होतं. तुम्ही स्वतः आत्ता तोंड उघडं ठेवून आवंढा गिळून बघा. जीभ वर ठेवायला जमत नसेल तर दातांत आडवा चमचा धरायला सांगा, सुरुवातीला त्यानंही काम होतं.

खरी कसोटी ढेकर ‘दाटून’ येतो त्या क्षणाची. तेव्हा लगेच चमचा किंवा जीभ, आणि असे पाच-सहा श्वास. दाटणं वाढतं, शिगेला जातं आणि सहसा मिनिट-दोन मिनिटांत ओसरतं. पहिल्या दिवशी ती दोन मिनिटं फार लांब वाटतात. दहातला एक ढेकर टळला तरी त्या दिवशी पुरे.

इथं हमखास विचारतात, ‘पण ढेकर दाबू नये ना?’ बरोबर आहे. चरकसंहितेनं रोखून धरू नयेत असे तेरा वेग सांगितलेत, त्यांत उद्गार म्हणजे ढेकर आहे. पण वाग्भटांनी वेग रोखण्याबरोबर तो बळंच आणणंही रोगाचं कारण म्हटलंय. जठराचा ढेकर तुमच्या मदतीशिवाय येतो, त्याला येऊ द्या. ओढून आणायचा नाही, एवढंच. आणि कपालभाती, भस्त्रिका करत असतील तर सध्या बाजूला ठेवा. झटके देणारा श्वास आत्ता नको.

जोडीला जेवणाकडे बघा. चहा बशीत ओतून फुरके मारत पिण्यात घोटागणिक हवा जाते. तोच चहा जरा निववून कपातून प्यायला सांगा. मिश्री लावण्याची, सुपारी चघळण्याची सवय असेल तर सारखी थुंकी गिळली जाते. कवळी सैल असेल तर तेच. वरून तांब्यातून घटाघट पाणी पिणंही थांबवा. उपवासाच्या दिवशी दिवसभर चहा आणि संध्याकाळी एकदम साबुदाण्याची खिचडी, याचा त्रास अनेकींना होतो.

चार ते आठ आठवडे द्या. ढेकर शून्य होणार नाहीत, पण माळ तुटते. सण आला, वडिलांचं वर्षश्राद्ध आलं की पुन्हा वाढतील, तेव्हा ‘वाया गेलं सगळं’ समजू नका. एवढं करूनही फरक नसेल तर वाणी-उपचारतज्ज्ञ गाठा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात ते असतात, आणि घशाच्या झडपेवर ताबा मिळवायला ते आमच्यापेक्षा चांगलं शिकवतात. बॅक्लोफेन नावाचं औषध काहींना लागू पडतं, पण झोप येते, किडनी कमजोर असेल तर धोका असतो आणि एकदम थांबवता येत नाही, म्हणून ते फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आई जेवत नसतील, रात्र-रात्र जाग्या राहत असतील, बोलणं तुटलं असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. ते शोकासाठी, ढेकर खोटे आहेत म्हणून नव्हे. हा फरक त्यांना आधी समजावून सांगा.

घरात आजपासून ढेकर मोजणं बंद, ‘झाले का सुरू’ म्हणणं बंद आणि ढेकरासाठी पाठ चोळणंही बंद. पण हात एकदम काढून घेऊ नका. वडील गेल्यापासून कदाचित त्या पाठ चोळण्यातच त्यांना कुणाचा तरी स्पर्श मिळत असेल. ढेकर नसताना, रात्री झोपायच्या आधी, मालिका बघताना, पाच मिनिटं पाठीवर हात फिरवा.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना दोन छोटे व्हिडिओ घेऊन जा. एक ढेकरांची माळ चालू असतानाचा, गळ्यापासून पोटापर्यंत दिसेल असा, आणि दुसरा त्या कुणाशी तरी गप्पांत रंगलेल्या असतानाचा. ढेकर कुठल्या जातीचा आहे हे सांगायला बहुतेक वेळा तेवढे पुरतात, आणि पुन्हा एंडोस्कोपी करावी का, हा प्रश्नही त्यावरून डॉक्टरांना सोडवता येईल.